न बदललेल्या आकड्याचा इतिहास

सरकारने नियम बदलला की आमच्याकडे धावपळ सुरू होते. राजपत्रात अधिसूचना येते, कायदा विभाग तिची पीडीएफ पाठवतो, कुणीतरी ती वाचून चार ओळींचा सारांश काढतं आणि तो सारांश शेवटी माझ्यापर्यंत पोहोचतो. अमुक तारखेपासून अमुक रकमेच्या वरचे व्यवहार वेगळे काढा, हा रकाना नव्याने भरा, अहवाल या स्वरूपात पाठवा. मी पैशांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. माझं बरंचसं काम 'फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट – इंडिया', म्हणजे एफआययू, या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता संस्थेच्या नियमांभोवती फिरतं.

'गुप्तवार्ता' म्हटल्यावर हेरगिरी डोळ्यांसमोर येत असेल तर थोडी निराशा होईल. ही संस्था धाडी घालत नाही, कुणाला अटक करत नाही. ती अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागात बसते, अहवाल गोळा करते, चाळते आणि त्यातलं कामाचं ते ईडी, आयकर, पोलीस अशा यंत्रणांना देते. बँका, शेअर दलाल, विमा कंपन्या, कॅसिनो आणि आता क्रिप्टो एक्सचेंज, या सगळ्यांना तिच्याकडे अहवाल पाठवावेच लागतात. आपल्याबद्दल असा अहवाल गेला आहे हे ग्राहकाला कळत नाही. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल असेल, तर ते त्याला सांगायलाही मनाई आहे.

या कामात सगळं लक्ष बदलांवर असतं. काल काय होतं, आज काय झालं, कोणत्या तारखेपासून झालं. कुतूहल म्हणून मी एकदा उलटी यादी करून पाहिली: कोणते नियम बदललेच नाहीत? तिच्यात सगळ्यात वर आला दहा लाखांचा आकडा. दहा लाख रुपयांच्या वरच्या प्रत्येक रोख व्यवहाराचा अहवाल एफआययूकडे जातो. हा आकडा १ जुलै २००५ पासून जिथे होता तिथेच आहे. मग मी त्याचे पूर्वज शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की या आकड्यांचं घराणंच न बदलण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

दहा हजार डॉलर

गोष्ट सुरू होते १९६०च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत. तेव्हा तिथे स्विस बँकांमधल्या गुप्त खात्यांचा विषय गाजत होता. न्यूयॉर्कमधले सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेंथाऊ या खात्यांच्या मागे लागले होते. संसदेत टेक्सासचे राइट पॅटमन हे बँकिंग समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या समितीपुढे सुनावण्या चालू होत्या. तक्रार अशी की करबुडवे आणि गुन्हेगारी टोळ्या रोख रक्कम बँकेत भरतात, ती देशाबाहेर जाते आणि मागे कागद उरत नाही. उरला तरी तो शोधायला तपास यंत्रणांना वर्षं लागतात.

यातून जो कायदा झाला त्यावर अध्यक्ष निक्सन यांनी २६ ऑक्टोबर १९७० रोजी सही केली. तो 'बँक सिक्रसी अ‍ॅक्ट' म्हणून ओळखला जातो. नावावरून वाटतं की बँकेची गुप्तता जपणारा कायदा असेल. प्रत्यक्षात तो गुप्ततेला भोक पाडणारा होता. बँकांनी नोंदी ठेवायच्या आणि मोठ्या रोख व्यवहारांची माहिती सरकारला द्यायची. 'मोठा' म्हणजे किती, हे संसदेने ठरवलं नाही. ते अर्थखात्यावर सोडलं. अर्थखात्याने नियमांत लिहिलं: दहा हजार डॉलरच्या वर.

त्या काळी दहा हजार डॉलर म्हणजे खरोखर मोठी रक्कम होती. साडेतीन हजारांच्या आसपास चांगली नवी कोरी गाडी यायची. म्हणजे बँकेच्या खिडकीत कुणी रोख दहा हजार ठेवले, तर त्याने जवळजवळ तीन गाड्यांचे पैसे एका गठ्ठ्यात आणले असं समजायचं. अशा माणसाचं नाव लिहून घ्या, असं सरकार म्हणालं तर सर्वसामान्य माणसाला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही वाटलं नाही.

काहींना मात्र वाटलं. कॅलिफोर्नियातल्या बँकांची संघटना, नागरी हक्कांची संघटना आणि काही खातेदार न्यायालयात गेले. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. देशांतर्गत रोख व्यवहारांच्या अहवालाबद्दल खातेदारांना जे उत्तर मिळालं ते वाचताना मी थबकलो. तुमचे व्यवहार दहा हजारांच्या वर जातात असं तुम्ही म्हटलेलंच नाही, मग तुमचं नुकसान काय? म्हणजे नियम कुणाला लागू होतो एवढंच त्या आकड्याने ठरवलं नाही; नियमाविरुद्ध तक्रार कोण करू शकतो, हेही त्यानेच ठरवलं.

बहुमताच्या बाजूने मत देणाऱ्या न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी एक वेगळी टिप्पणी जोडली. आताच्या स्वरूपात हे नियम मला मान्य आहेत, पण अहवालाची सक्ती लक्षणीयरीत्या वाढवली तर घटनात्मक प्रश्न उभे राहतील, असा तिचा आशय होता. माणूस कुठे पैसे खर्च करतो यावरून त्याचं बरंच आयुष्य वाचता येतं, ही जाणीव त्यामागे होती.

आता साधा हिशोब करू. अमेरिकेतल्या महागाईच्या अधिकृत निर्देशांकाने पाहिलं, तर आजचे दहा हजार डॉलर म्हणजे १९७४ चे जेमतेम सोळाशे डॉलर. अर्थखातं १९७४ मध्येच पॉवेल यांच्यासमोर 'सोळाशे डॉलर' असा नियम घेऊन गेलं असतं, तर त्यांचं मत काय पडलं असतं? हा प्रश्न कुणाला विचारावाच लागला नाही. मर्यादा खाली आली, पण कुणी आणली नाही. ती महागाईच्या उतारावरून आपोआप घरंगळत आली.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. जॉर्जियातल्या बेकायदा दारूच्या भट्टीच्या एका प्रकरणात आरोपीच्या बँकेतल्या नोंदी पोलिसांनी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. न्यायालय म्हणालं, चेक आणि पावत्या तुम्ही स्वतःहून बँकेच्या हाती दिल्या, त्यांच्यावर आता तुमचा खासगीपणाचा दावा चालत नाही. यावर ओरड झाली आणि १९७८ मध्ये संसदेने थोडं संरक्षण देणारा कायदा केला. दहा हजारांच्या नियमाला मात्र कुणी हात लावला नाही.

कागदी पिशव्या आणि लिमोझिन

पहिली पंधरा वर्षं हा नियम बँकांनी फारसा मनावर घेतला नाही. फेब्रुवारी १९८५ मध्ये बँक ऑफ बोस्टनने न्यायालयात गुन्हा कबूल केला. परदेशी बँकांशी झालेल्या एक अब्ज वीस कोटी डॉलरच्या रोख देवघेवीचे अहवाल तिने दिलेच नव्हते. दंड झाला पाच लाख डॉलर. त्याच सुमारास बाहेर आलं की बोस्टनच्या एका कुप्रसिद्ध टोळीच्या कुटुंबाशी संबंधित कंपन्यांना बँकेने अहवालातून सूट दिली होती आणि तिथली माणसं कागदी पिशव्यांतून नोटा आणून बँकेचे धनादेश घेऊन जात होती. या प्रकरणानंतर बँकांचे धाबे दणाणले आणि अर्थखात्याकडे अहवालांचा ओघ सुरू झाला.

१९८६ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. काळा पैसा पांढरा करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. लक्षात घ्या, अहवालाची सक्ती आधी आली आणि ज्या गुन्ह्यासाठी ती आहे असं आज आपण मानतो तो गुन्हा सोळा वर्षांनी. दुसरी गोष्ट म्हणजे अहवाल टाळण्यासाठी रक्कम फोडणं, दहा हजारांच्या आत राहील अशा तुकड्यांत भरणं, हाही गुन्हा ठरला.

या दुसऱ्या गुन्ह्याची गंमत एका खटल्यात दिसते. ऑक्टोबर १९८८ मध्ये नेवाडातल्या रीनो इथल्या एका कॅसिनोत एक माणूस पत्त्यांत एक लाख साठ हजार डॉलर हरला. रोख घेऊन तो फेडायला आला तेव्हा कॅसिनोने सांगितलं, एवढी रोख घेतली तर अहवाल द्यावा लागेल. मग कॅसिनोनेच त्याला लिमोझिन दिली. ती घेऊन तो बँकाबँकांतून फिरला आणि प्रत्येक ठिकाणी दहा हजारांच्या आतला धनादेश घेतला. त्याला शिक्षा झाली. १९९४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. असं करणं बेकायदा आहे हे त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ती अट काढून टाकली.

प्रोग्रॅमर म्हणून मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. तुम्ही कुठलीही मर्यादा जाहीर केली की लोक तिच्या खाली गर्दी करतात. मग त्या गर्दीवर नजर ठेवायला दुसरा नियम लिहावा लागतो. एका आकड्याला पिल्लं होतात. बँकांची सॉफ्टवेअर आज ९,९०० डॉलर किंवा साडेनऊ लाख रुपयांकडे जितक्या संशयाने पाहतात, तितक्या संशयाने कदाचित मोठ्या रकमेकडेही पाहत नाहीत.

१९९० मध्ये अमेरिकेने हे सगळे अहवाल वाचायला 'फिनसेन' नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. आर्थिक गुप्तवार्ता ही आता एक सरकारी शाखा झाली.

आकडा प्रवासाला निघतो

१९८९ च्या जुलैमध्ये पॅरिसला सात श्रीमंत देशांची शिखर परिषद झाली. तिथे 'फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स', म्हणजे एफएटीएफ, स्थापन झाला. पुढच्या वर्षी त्याने चाळीस शिफारशी काढल्या. १९९५ मध्ये ब्रुसेल्सच्या एग्मोंट राजवाड्यात वेगवेगळ्या देशांच्या आर्थिक गुप्तवार्ता संस्था एकत्र आल्या. त्यांच्या गटाला त्या राजवाड्याचंच नाव पडलं.

शिफारशींबरोबर आकडाही फिरला. ऑस्ट्रेलियाने १९८८ च्या कायद्यात दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर धरले. पुढे कॅनडाने दहा हजार कॅनेडियन डॉलर धरले. या तीन डॉलरांची किंमत एक नाही. तिन्ही देशांत पगार, घरभाडं, भाजी वेगवेगळ्या भावाची आहे. तरी आकडा तोच, कारण तो गोल आहे, लक्षात राहतो आणि आधी कुणीतरी वापरलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधली फाईल उचलून आणताना आपण आतले आकडे जसेच्या तसे ठेवतो, तसंच हे.

ब्रिटनने हा रस्ता घेतला नाही. तिथे ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक रोख व्यवहाराचा अहवाल नसतो. संशय आला तरच अहवाल. म्हणजे अशा आकड्याशिवाय व्यवस्था चालूच शकत नाही, असं नाही.

नोव्हेंबर २००४, दिल्ली

भारताच्या गोष्टीत दोन तारखा जवळजवळ येतात. नोव्हेंबर २००४ च्या सुरुवातीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून अधिकाऱ्यांना बँकेत शिरून कागदपत्रं तपासण्याचा सैल अधिकार दिला होता. न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्या वेळी अमेरिकेतल्या त्या भट्टीच्या खटल्याचा विचार झाला आणि तो तर्क आपल्या न्यायालयाने स्वीकारला नाही. कागद बँकेकडे ठेवला म्हणून त्यावरचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, असं आपल्या न्यायालयाने म्हटलं.

त्याच महिन्यात, १८ नोव्हेंबर २००४ च्या आदेशाने, केंद्र सरकारने एफआययू स्थापन केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. पण एकाच महिन्यात देशाने दोन गोष्टी मान्य केल्या: बँकेतली माहिती माणसाची स्वतःची असते, आणि त्यातली काही माहिती नियमितपणे सरकारकडे गेली पाहिजे. या दोन्हींत समतोल कुठे साधायचा, हे प्रत्यक्षात ज्याने ठरवलं तो एक आकडा होता.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, म्हणजे पीएमएलए, २००२ चा असला तरी लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्याच दिवशी नोंदी ठेवण्याचे नियम आले. दहा लाखांच्या वरचा रोख व्यवहार असेल, किंवा एकमेकांशी जोडलेल्या छोट्या व्यवहारांची महिन्याची बेरीज दहा लाखांच्या वर जात असेल, तर त्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पाठवायचा. तेव्हाच्या विनिमय दराने दहा लाख म्हणजे साधारण तेवीस हजार अमेरिकन डॉलर. म्हणजे सुरुवात करताना आपली मर्यादा अमेरिकेपेक्षा बरीच सैल होती.

त्यानंतरची वीस वर्षं बदलांची आहेत. २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनो कक्षेत आले. गोव्यात मांडवीत उभ्या असलेल्या बोटींचा संबंध असा दिल्लीतल्या गुप्तवार्ता संस्थेशी जुळला. २०१० मध्ये भारत एफएटीएफचा सदस्य झाला. २०१३ मध्ये नोंदी ठेवण्याची मुदत दहा वर्षांवरून पाच वर्षांवर आली आणि पाच लाखांवरच्या परदेशी हस्तांतरांचा अहवाल सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा खरा मालक शोधण्याची मर्यादा २५ टक्क्यांवरून १० टक्के झाली. त्याच महिन्यात क्रिप्टोचे व्यवहार कायद्याखाली आले, आणि मे महिन्यात ग्राहकाच्या वतीने ठरावीक व्यवहार करणारे चार्टर्ड अकाउंटंटही.

यातला माझा आवडता बदल ४४ दिवस जगला. २३ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने सोन्या-हिऱ्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांना पीएमएलएखाली आणलं. झवेरी बाजारापासून जळगावच्या सराफ पेढ्यांपर्यंत एकच चर्चा: आता पन्नास हजारांच्या खरेदीला गिऱ्हाइकाकडून ओळखपत्र मागायचं? मंगळसूत्र घ्यायला आलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? दिवाळी १९ ऑक्टोबरला होती. ६ ऑक्टोबरला सरकारने अधिसूचना मागे घेतली. पुढे २८ डिसेंबर २०२० रोजी व्यापारी पुन्हा कक्षेत आले, पण या वेळी नियम दहा लाखांच्या रोख व्यवहारांना जोडलेला होता. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून दिसतं की मर्यादा कुणाला टोचली आणि टोचणारे संघटित असले, तर ती हलू शकते.

आणि नियम पाळला नाही तर काय होतं, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. एफआययूने बायनान्ससह नऊ परदेशी क्रिप्टो एक्सचेंजना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. जानेवारीत त्यांची अ‍ॅप भारतातल्या फोनवरच्या अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाली. जूनमध्ये बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला. सकाळी फोन उघडून अ‍ॅप शोधणाऱ्या कित्येक पोरांनी एफआययू हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल.

एक विसरलेला कोड

बदलांवर नजर ठेवणं किती गंभीर काम आहे, याचा धडा आमच्या क्षेत्राला ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेने दिला. २०१२ मध्ये या बँकेने रोख भरायची नवी हुशार मशिनं बसवली. एका वेळी २०० नोटा घेणारी, म्हणजे वीस हजार डॉलरपर्यंत. दहा हजारांच्या वरची भरणा झाली की सिस्टिम तो व्यवहार एका विशिष्ट कोडवरून ओळखायची आणि अहवाल तयार करायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहकांच्या खातेउताऱ्यातली एक किरकोळ चूक दुरुस्त करायला बँकेने व्यवहाराचा एक नवा कोड आणला. अहवाल तयार करणाऱ्या भागाला त्या नव्या कोडबद्दल कुणी सांगितलं नाही.

पुढची जवळजवळ तीन वर्षं मशिनं पैसे घेत राहिली आणि अहवाल गेले नाहीत. एकूण ५३,५०६ व्यवहार, सुमारे ६२.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यातले काही अमली पदार्थांच्या टोळ्यांचे निघाले. २०१८ मध्ये बँकेने ७० कोटी डॉलर दंड भरला. त्या देशाच्या कंपनी जगतातला तोवरचा तो सगळ्यात मोठा दिवाणी दंड होता. दोन वर्षांनी वेस्टपॅक बँकेने तो विक्रमही मोडला.

अशा दंडानंतर प्रत्येक बँक एकच निष्कर्ष काढते: शंका असेल तर पाठवून टाका. अहवाल जास्त गेला म्हणून सहसा कुणी दंड करत नाही. कमी गेला तर करतं. आमच्या धंद्यात याला बचावात्मक रिपोर्टिंग म्हणतात. भारतात २०१५-१६ मध्ये संशयास्पद व्यवहारांचे सुमारे एक लाख अहवाल एफआययूकडे गेले होते. नोटाबंदीच्या वर्षात, २०१६-१७ मध्ये, ते पावणेपाच लाखांच्या जवळ गेले आणि त्यापुढच्या वर्षी १४ लाखांच्या वर. देशातले गुन्हेगार दोन वर्षांत चौदापट झाले नव्हते. भीती आणि सॉफ्टवेअर, दोन्ही वाढलं होतं.

उतारावरचा आकडा

आता पुन्हा दहा लाखांकडे. २००५ मध्ये दहा ग्रॅम सोनं सात हजारांच्या आसपास होतं. दहा लाखांत जवळपास दीड किलो सोनं आलं असतं. २०२४ मध्ये तेवढ्याच पैशांत पाव किलोसुद्धा आलं नसतं. सोनं सोडा, रोजच्या महागाईने मोजलं तरी २००५ ची मर्यादा आज तीस लाखांच्या वर असायला हवी होती. म्हणजे सरकारने एकही अधिसूचना न काढता मर्यादा एक तृतीयांशापेक्षा खाली आणली.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो? तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान घ्या. दुकानदार दिवसाला साठ हजारांचा रोख गल्ला बँकेत भरतो. वीस दिवसांत बारा लाख झाले. महिन्याची बेरीज दहा लाखांच्या वर, त्यामुळे त्याचं नाव एफआययूकडच्या फायलीत. त्याने काही चुकीचं केलेलं नाही. अहवाल म्हणजे आरोप नव्हे, हेही खरं. पण २००५ मध्ये एवढा गल्ला म्हणजे बडी पेढी असायची. आज तेल-डाळीचे भाव वाढल्यामुळे साधं दुकानही तिथे पोहोचलं आहे. दुकान मोठं झालं नाही, आकडा आखडला. आणि यात सापडतात ते अजून रोखीवर जगणारे: आडते, भाजीवाले, पेट्रोल पंप, लग्नाचे हॉल.

दुसरी बाजू मला माहीत आहे, कारण तिच्यासाठीच मी कोड लिहितो. तपास अधिकारी म्हणतील, जाळ्याची भोकं जितकी बारीक तितके मासे जास्त. एखाद्या मोठ्या घोटाळ्यात पहिला धागा अशाच एखाद्या कंटाळवाण्या रोख अहवालातून मिळू शकतो. यूपीआयच्या काळात मोठी रोख तशीही दुर्मीळ होत चालली आहे, त्यामुळे ती दिसली की विचारपूस झाली तर बिघडलं कुठे? यात तथ्य आहे. पण मग हा युक्तिवाद उघडपणे मांडा. दहा लाखांचा नियम आता आम्हाला २००५ च्या भावातल्या तीन लाखांना लावायचा आहे, असं सांगा आणि त्यावर चर्चा होऊ द्या.

उघड बदल केला की काय होतं, याचं ताजं उदाहरण अमेरिकेतच आहे. मार्च २०२५ मध्ये फिनसेनने मेक्सिकोच्या सीमेजवळच्या तीस पिनकोडांमध्ये पैसे पाठवणाऱ्या आणि चेक वटवून देणाऱ्या दुकानांसाठी मर्यादा दहा हजारांवरून थेट दोनशे डॉलर केली. दुकानदार लगेच न्यायालयात गेले, काहींना स्थगिती मिळाली, आणि त्याच वर्षी फिनसेनने आदेश वाढवताना मर्यादा हजार डॉलर केली. दोनशे हा आकडा लोकांना दिसला, म्हणून त्यांनी भांडण केलं. १९७४ पासून दहा हजारांची किंमत सहापटीने घटली, ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. तिथे २०२३ च्या आर्थिक वर्षात रोख व्यवहारांचे दोन कोटींच्या वर अहवाल जमा झाले.

उपाय अवघड नाही. आयकरात भांडवली नफ्यासाठी सरकार वर्षानुवर्षं महागाईचा निर्देशांक जाहीर करत आलं आहे. तसाच एखादा निर्देशांक इथे लावता येईल. किंवा दर पाच वर्षांनी मर्यादेचा फेरविचार करण्याची अट नियमातच घालता येईल. मग सरकारने ती वाढवावी, ठेवावी किंवा कमी करावी, पण कारण देऊन. कोड लिहिणाऱ्याला यात एक ओळ बदलण्यापलीकडे काहीच करावं लागणार नाही.

पीएमएलएच्या ७४ व्या कलमात एक चांगली तरतूद आहे. या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि खासदारांना तो बदलता किंवा रद्द करता येतो. क्रिप्टोवाल्यांना, सराफांना, चार्टर्ड अकाउंटंटना लागू झालेले बदल लोकांनी पाहिले, वाचले, त्यावर भांडले. दहा लाखांचा आकडा मात्र २००५ मध्ये एकदाच सभागृहात गेला. तेव्हापासून तो दर वर्षी थोडा थोडा बदलतो आहे, आणि त्यासाठी पुन्हा तिथे जायची गरज त्याला कधी पडलेली नाही.